पावसाआधी कौले परतायची होती

सभा संपत आली की एक कापडी थैली फिरते. तोंडाशी नाडी, आणि हात मनगटापर्यंत आत जाईल एवढी खोल. प्रत्येक जण मूठ आत घालतो आणि मूठच बाहेर काढतो. कोणी पाचशे टाकले, कोणी वीस टाकले, कोणी काहीच टाकले नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. शेवटी थैली टेबलावर उलटी होते, रक्कम मोजली जाते आणि वहीत एका ओळीत लिहिली जाते: गुप्त वर्गणी, इतके रुपये. गेली काही वर्षे ती ओळ मी लिहिते.

ही सभा संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या आमच्या शाखेची. व्हिन्सेंट द पॉल हे सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू. सोसायटी मात्र त्यांनी काढलेली नाही. ती 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना जमवून सुरू केली, आणि गरिबाच्या घरी कसे जायचे, काय न्यायचे, काय बोलायचे हे त्या पोरांना रोझाली रँदू नावाच्या सिस्टरने शिकवले. भारतात ती 1863 मध्ये मुंबईत आली. गोव्यात आज अनेक फिर्गजांमध्ये तिच्या शाखा आहेत. फिर्गज म्हणजे एक चर्च आणि त्याच्या भोवतालचे वाडे, म्हणजे वस्त्या, त्या वाड्यांवरचे खुरीस, म्हणजे क्रूस, तिथली जिवंत माणसे आणि चर्चशेजारच्या सिमितेरीत निजलेलीही.

आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. घरात मराठी, रागावलो की मालवणी. तिकडे आमचे चर्च लहान, कुटुंबे मोजकी, आणि 2005 साली सिंधुदुर्गाचा वेगळा धर्मप्रांत झाला तो आनंद मी गावात असताना पाहिलेला आहे. नवऱ्याच्या कामामुळे म्हापशाजवळ बिऱ्हाड केले तेव्हा चर्चच्या कचेरीत जाऊन नाव नोंदवले. विगार फादरनी, म्हणजे फिर्गजेच्या मुख्य धर्मगुरूंनी, एकच गोष्ट नीट विचारली, वाडा कुठला. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला हे सगळे नंतर. इथे प्रत्येक वाड्याचा एक लहान ख्रिस्ती समुदाय असतो, आणि माणूस फिर्गजेत शिरतो तो त्या वाड्याच्या दारातून.

त्याच आठवड्यात दोन बायका घरी आल्या. हातात यादी होती. मला वाटले वर्गणी. त्यांनी विचारले, "बाय, सायबीण तुमच्याकडे कधी आणूया?"

पावसाळा सरला की सायबिणीची, म्हणजे मारियामातेची मूर्ती वाड्यावरच्या घराघरांतून फिरते. एका घरी एक रात्र. दुसऱ्या संध्याकाळी त्या घरची माणसे तिला मेणबत्त्या घेऊन, तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत पुढच्या घरी पोचवतात. ज्याच्या घरी ती येते त्याने अल्तार सजवायचा, आलेल्यांना उकडलेले चणे आणि काहीतरी प्यायला द्यायचे. चणे कोणालाही परवडतात, म्हणून चणेच. बंगल्यातही चणे आणि भाड्याच्या खोलीतही चणे. आमच्या वाड्यावर दोन हिंदू घरेही सायबीण घेतात आणि त्यांच्या अल्तारावरची अबोलीची वेणी बघत राहावी अशी असते. बार्देश तालुक्यात याचे कोणाला नवल वाटत नाही. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, आणि तिच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, तेल वाहायला रांगेत हिंदू किती आणि ख्रिस्ती किती हे कोणी बघत नाही.

आमच्या घरी चार खुर्च्या होत्या. त्या संध्याकाळी समोरच्या घरातून खुर्च्या आल्या, मागच्या घरातून सतरंजी आली, कोणाच्या तरी घरचा मोठा टोप चण्यांसाठी आला. मी कोणाला काही मागितले नव्हते. कोणते सामान कुठल्या घरून येते हे वाड्याला ठाऊक होते, आणि परत कुठे जायचे तेही. लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, झाल्यावर एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारले, मी काय करते. पतसंस्थेत हिशेब लिहायचे, म्हटले. ते म्हणाले, "मग रविवारी पहिल्या मिस्सानंतर ये. आमची वही तुझ्यासारखीची वाट बघते आहे." मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना.

अशी मी सोसायटीत गेले.

पहिले काही महिने मला कोणी वहीला हात लावू दिला नाही. आधी घरे. नियम असा की भेटीला दोघांनी जायचे, एकट्याने कधीच नाही. माझे जोडीदार ते वयस्कर गृहस्थच होते. आयुष्यभर बोटीवर काम केलेले, निवृत्त तारवटी. सगळे त्यांना अंकल म्हणतात. त्यांनी मला जे शिकवले ते कुठल्याही छापील पुस्तिकेत इतके बारीक लिहिलेले नसेल. दारातून हाक मारायची आणि आतून उत्तर येईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायचे. चहा दिला तर प्यायचा, नको म्हणायचे नाही. घरात काय आहे काय नाही हे डोळ्यांनी शोधत बसायचे नाही, ते आपोआप दिसते. पहिल्या भेटीत पैशाचा विषय काढायचा नाही. आणि त्यांच्यासमोर काहीही लिहायचे नाही. वही पिशवीतून बाहेर काढली की समोरचा माणूस अर्जदार होतो, असे अंकल म्हणत. मी पंधरा वर्षे खिडकीपलीकडच्या माणसांचे अर्ज तपासले होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला लगेच पटले.

परतताना मात्र रस्त्यात थांबून सगळे लिहायचे. औषध कोणते, किती दिवसांचे, मुलाची फी कधी भरायची, डोळ्यांच्या तपासणीला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात कोण घेऊन जाईल. हे सभेत वाचले जाते. नाव वाचले जात नाही. प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक असतो आणि खर्चाच्या बाजूला तो क्रमांकच येतो. नावे अध्यक्षांकडे आणि भेटीला जाणाऱ्या दोघांकडे असतात. चर्चमध्ये वेदीवरून कधीही कोणाचे नाव घेऊन मदत जाहीर होत नाही. हिशेब लिहिणारी म्हणून सांगते, क्रमांकाने ठेवलेला हिशेब तपासायला जास्त कष्टाचा असतो. ते कष्ट मी आनंदाने घेते.

आमच्या शाखेने दत्तक घेतलेली काही कुटुंबे आहेत. त्यांना महिन्याचे सामान जाते: उकडे तांदूळ, तूरडाळ, खोबरेल, साखर, चहा, साबण. सामान बाजारपेठेतला पसरकार बांधून देतो. तो हिंदू, त्याचे वडीलही हेच करत. पुड्या इतर गिऱ्हाइकांसारख्याच बांधतो, वर कसलाही शिक्का नाही, म्हणजे वाटेत कोणी पाहिले तर बाजार करून आल्यासारखेच दिसते. मला हे सांगावेसे वाटते, कारण अशा गोष्टी कोणी ठरवून शिकवत नाही आणि त्या नसतील तर दान फार बोचरे होते.

चंदगडकडून आलेल्या एका बाईच्या घरी मला मुद्दाम पाठवले, कारण तिला कोकणी जड जात होते. नवरा गवंडीकाम करायचा, तो गेला. दोन मुले मराठी प्राथमिक शाळेत. ती ख्रिस्ती नाही. सोसायटीच्या नियमात गरजवंताचा धर्म विचारलेला नाही, आणि सभेत कोणी विचारलाही नाही. पहिल्या भेटीत ती मला "मॅडम" म्हणाली, तिसऱ्या-चौथ्या भेटीत "ताई" आणि आता "अगं ताई". तिच्या घरी आमचे मुख्य काम पैशाचे नव्हतेच. ते कागदांचे होते. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला एका नावाने, रेशनकार्ड दुसऱ्या नावाने, आधार तिसऱ्याच स्पेलिंगने. एका कचेरीतून दुसरीकडे, तिथून शपथपत्राला, पुन्हा पहिलीकडे. तिला एकटीला यातला प्रत्येक फेरा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. आमच्यातली एक निवृत्त शिक्षिका तिच्याबरोबर जायची आणि तेवढा वेळ दुसरी कोणीतरी तिच्या मुलांना शाळेतून आणायची. मी हे मदतीच्या खर्चात कसे लिहिणार? बसभाडे एवढेच लिहिले गेले.

गोव्यात वृद्धांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना 2000 रुपये मिळतात, पण त्यासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दाखल्याची तारीख चुकली म्हणून पैसे थांबलेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. आता वाड्या-वाड्यावर आमची यादी आहे. कोणाचा दाखला कधी, कोण नेणार, बँकेत कोण सोबत बसणार. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि माझ्या मते आमच्या शाखेने केलेले सगळ्यात उपयोगाचे काम हेच आहे.

आता कौलांचे सांगते.

वाड्याच्या टोकाला एक मांय, म्हणजे वयस्कर बाई, राहायची, अजूनही राहते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केला, लग्न केले नाही, भाऊ होता तो गेला. घर मुंडकारी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहण्याच्या हक्काचे, चिऱ्याच्या जोत्यावर मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले. तिने कधी कोणाकडे काही मागितले नाही. तिच्या घराची बातमी आमच्यापर्यंत आणली ती पोदेराने, म्हणजे पाववाल्याने. सायकलवर पाव घेऊन तो रोज पहाटे तिच्या दाराशी जातो. मागच्या पावसात दार उघडे असताना त्याला आत ओळीने मांडलेली पातेली दिसली, आणि खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलेली. ते त्याने अंकलना सांगितले. पोदेर आमच्या सोसायटीचा सभासद नाही. पण वाड्यावर कोणाचे दार उशिरा उघडले हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

आम्ही गेलो. गुळाचा चहा झाला. अंकलनी बोटीवरच्या दोन गोष्टी सांगितल्या, ती हसली. वर पाहिले तर आढ्याला वाळवी लागलेली, वासे खाली झुकलेले, रिपांच्या मधून उजेडाचे पट्टे. दुसऱ्या भेटीत अंकलनी छपराचा विषय काढला. ती म्हणाली, माझ्यापेक्षा गरजवंत आहेत, त्यांचे आधी करा. आवाजात राग नव्हता, पण दार मिटल्यासारखे वाटले.

अंकलनी वाद घातला नाही. त्यांनी तिच्याकडे एक मागणे मागितले. नाताळात सोसायटीसाठी कुस्वाराची विक्री असते, म्हणजे नेवऱ्या, दोस, पिनाग, दोदोल वगैरे. दोदोल घोटणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या, मुलींना प्रमाण जमत नाही. तू येऊन शिकवशील का? मांय विचार करून म्हणाली, मडगावचे गूळ नको, पिरमिडीचे माडाचे काळे गूळ आणा, तरच.

त्या डिसेंबरात चर्चच्या मागच्या पडवीत तिने पोरींना दोदोल शिकवला. तांदळाचे पीठ, नारळाचा रस, माडाचे गूळ, आणि कढईच्या कडेने सुटेपर्यंत न थांबता घोटायचे. हात दुखले की हात बदलायचा, कढई थांबवायची नाही. ती स्वतः स्टुलावर बसून नुसते रंगाकडे बघत होती. विक्रीचे पैसे आले तेव्हा मी वहीत जमेच्या बाजूला तिचे नाव तिच्या परवानगीने लिहिले, पूर्ण नाव, आडनावासकट. खर्चाच्या बाजूला क्रमांक, जमेच्या बाजूला नाव. त्यानंतर जानेवारीत ती स्वतः अंकलना म्हणाली, छप्पर बघायला सुताराला पाठवलात तरी चालेल.

सुताराने पाहून सांगितले की नुसती कौले परतून भागणार नाही, आढे आणि निम्मे वासे बदलावे लागतील. अंदाजपत्रक सभेत आले. आमच्या शिलकीत तेवढे पैसे नव्हते. इथे फिर्गज कशी चालते ते मला पहिल्यांदा नीट दिसले, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते.

आधी भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, संमती. मुंडकाराला घरातून काढता येत नाही, 1975 च्या कायद्याने ते संरक्षण दिलेले आहे. तरी जमीन ज्याची त्याला न सांगता आढे उतरवणे आमच्या अध्यक्षांना मान्य नव्हते. भाटकाराचे कुटुंब परदेशात. त्यांच्या पुतण्याने दोन ओळींचे पत्र दिले आणि मोठ्या आढ्यासाठी स्वतःच्या भाटातला लाकडाचा एक सुकलेला ओंडकाही दिला. मग घरपट्टीची पावती जोडून पंचायतीत दुरुस्तीचा अर्ज. मग पैसे. काही थैलीतले होते. काही परदेशातल्या ज्या शाखेशी आमच्या शाखेची जोडणी आहे तिच्याकडून येणाऱ्या रकमेतले होते. सोसायटीत ही जोडणीची पद्धत जुनी आहे: सधन देशातली एक शाखा दुसरीकडच्या एका शाखेला धरून राहते, पत्रे लिहिते, ठरल्या वेळी पैसे पाठवते. काही कोंफ्रारियाने, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळाने, दिले. आणि त्या वर्षीच्या फेस्ताच्या प्रेझिडेंताने, म्हणजे यजमानाने, विगार फादरना येऊन सांगितले की आतषबाजी आणि दुसऱ्या दिवशीचा बँड मी करणार नाही, ते पैसे कुठे लागत असतील तर सांगा. कोणासाठी, हे त्याने विचारले नाही आणि त्याला सांगितलेही नाही. फेस्त साजरे करणाऱ्या घराला थाटामाटाचा मोह किती असतो हे मला ठाऊक आहे. नातेवाईक मुंबईहून येतात, गल्फमधून येतात. सगळ्यांनी वेस्प्रांच्या, म्हणजे फेस्ताच्या आदल्या, संध्याकाळी आकाशाकडे बघायचे असते. त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून फार आदर आहे.

कौले अशी मिळाली. शेजारच्या वाड्यावर एक जुने घर पाडून फ्लॅट व्हायचे होते. असे आता सगळीकडे चालले आहे आणि मला ते बघवत नाही. पण त्या घराची कौले शाबूत होती. उलटी करून पाहिली तर मागे बासेल मिशनचा छाप. या मिशनने 1865 साली मंगळुरात कारखाना काढला, आणि तिथली कौले बोटींनी या सगळ्या किनाऱ्यावर पोचली. घरमालकाने ती फुकट दिली. पसरकाराने आपला टेम्पो दिला.

मे महिना निम्मा सरला होता. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जूनच्या पहिल्या आठवड्यात दाराशी येतो. एकदा छप्पर उघडले की मागे फिरता येत नाही. त्यातच वळिवाची एक सर येऊन गेली. मांयला त्या दिवसांत समोरच्या घरात झोपायला नेले. कामाला सुतार आणि त्याचे दोन गडी होते, त्यांची मजुरी ठरल्याप्रमाणे पूर्ण दिली. या बाबतीत आमचे अध्यक्ष कडक आहेत. पुण्याच्या कामात मजुराने सूट द्यावी अशी अपेक्षा ठेवायची नाही, त्याच्याही घरी चूल आहे. बाकीचे हात फिर्गजेचे. रविवारी मिस्सानंतर तरुण मंडळी ओळ लावून उभी राहिली आणि कौले हातोहात वर गेली. जमिनीवरून शिडीवर, शिडीवरून वाशावर. मुली खाली बसून जुन्या कौलांवरचे शेवाळ ब्रशने घासत होत्या. चंदगडची ती बाई आली होती. तिला कोणी बोलावले नव्हते. तिने नवऱ्याबरोबर बांधकामावर काम केलेले, तिला कौल धरायचे आणि फेकायचे तंत्र माहीत होते, आणि कॉलेजातल्या मुलांना ती चक्क ओरडून शिकवत होती: "दोन बोटांनी नको रं, तळवा लाव!" दुपारी समोरच्या घरात शीत-कडी आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर. पोदेराने त्या दिवशी पावाचे पैसे घेतले नाहीत.

मी जेवणाचा खर्च लिहायला बसले तेव्हा लिहिण्यासारखे काही निघेना. तांदूळ एका घरचे, नारळ दुसऱ्या घरचे, सुंगटे कोणाच्या तरी मावशीने पाठवलेली. वहीत ती जागा कोरी आहे.

त्याच आठवड्यात वाड्यावरच्या खुरसाची लदीन होती. मे महिन्यात ठिकठिकाणी असते. खुरीस चुन्याने रंगवतात, माळा लावतात, व्हायोलिनवर लदीन गातात, आणि नंतर पुन्हा चणे. त्या वर्षी चणे मांयकडून होते. ते तिच्या घराण्याकडे पूर्वीपासून होते, भाऊ गेल्यापासून दुसरे कोणी देत होते. तिने परत मागून घेतले. मी चण्यांचे द्रोण वाटायला तिच्या शेजारी उभी होते. लोक येत, द्रोण घेत, "देव बरें करूं, मांय" म्हणत. ती प्रत्येकाला म्हणत होती, आणखी घे, आणखी घे.

कोणी विचारेल की चार नातेवाईक मिळूनही एक छप्पर करतातच की. करतात. पण सावंतवाडीला आणि इथे मी एक फरक जवळून पाहिला आहे. जिथे मदत एखाद्याच्या मोठ्या मनावर चालते तिथे त्या माणसाचा मूड, त्याचा राग, त्याचे मरण या सगळ्यांचा धाक मदत घेणाऱ्यावर असतो. इथे थैलीला मूड नसतो. पाळी ठरलेली, दिवस ठरलेला, जाणारे दोघे ठरलेले. देणारा बदलला तरी पुडी जाते. घेणाऱ्याला कोणा एकाच्या उपकारात राहावे लागत नाही. उद्या वेळ आली तर तोच दुसऱ्या बाजूला उभा राहू शकतो. माझ्या धर्मातली मला सर्वांत प्रिय गोष्ट कोणती असे कोणी विचारले तर मी ही व्यवस्था दाखवीन. मिस्सात आम्ही एकाच भाकरीचे वाटेकरी होतो, ते बाहेर पडल्यावर कुठे दिसते, तर इथे.

मरणातही ते दिसते. आमच्याकडे रस्त्यावर राहणारा एक माणूस वारला. त्याचे कोणीच नव्हते. बाक, म्हणजे शवपेटी, सोसायटीने केली. घंटा वाजली तशी कोंफ्रारियाचे लोक ओपमूस, म्हणजे मंडळाचा झगा, अंगावर घालून आले, जसे कुठल्याही मानकऱ्यासाठी येतात. त्याच्यामागे चालणारी माणसे मी मोजली नाहीत, पण रस्ता अडला होता.

सगळे असेच सुरळीत चालते असे मात्र समजू नका. सभासद वयस्क होत चालले आहेत. ब्रेक्झिटआधी, 2020 अखेरपर्यंत, तरुण मुले पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेली. ती तिथून पैसे पाठवतात, मनापासून पाठवतात. पण हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारीला बँकेत नेणारा हात लंडनहून येत नाही. मध्यंतरी फोटोंचाही प्रश्न आला. एका देणगीदाराने शिलाई मशीन दिले आणि घेणाऱ्या मुलीबरोबर फोटो हवा म्हणून हट्ट धरला, व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकण्यासाठी. सभेत बराच वेळ चर्चा झाली. शेवटी अध्यक्षांनी मशीन नम्रपणे परत केले आणि तीन महिन्यांनी थैलीच्या पैशातून दुसरे घेतले. त्या तीन महिन्यांत त्या मुलीची कमाई बुडली हेही खरे आहे आणि ते मला अजून टोचते. तरीही निर्णय बरोबर होता असेच मी म्हणेन. ती मुलगी चौदा-पंधरा जणांच्या वर्गात शिवण शिकते, तिचा तो फोटो सगळ्यांनी पाहिला असता.

दुसरे, फ्लॅट. जुन्या घरांच्या जागी आलेल्या इमारतींत वसई-मुंबईकडची, पुण्याकडची मराठी बोलणारी बरीच ख्रिस्ती कुटुंबे आली आहेत. रविवारी मिस्साला येतात, गाडी वळवतात आणि जातात. त्यांना वाटते कोकणी येत नाही, आपले काय काम. वाड्याच्या यादीवाल्या बायकांना इमारतीचा पहारेकरी आत सोडत नाही. मी आता त्यांच्याबरोबर जाते आणि इंटरकॉमवर मराठीत बोलते. एका इमारतीत यंदा पहिल्यांदा सायबीण लिफ्टने वर गेली. नवव्या मजल्यावरच्या त्या घरात चार खुर्च्या नव्हत्या, चौदा होत्या, पण माणसे कुठून येणार ही काळजी त्या बाईच्या चेहऱ्यावर होती. माणसे आली. खालच्या वाड्यातून मांयही आली, लिफ्टमध्ये माझा दंड घट्ट धरून.

या वर्षीच्या यादीत दोन छपरे आहेत. एकाचे आढे शाबूत आहे, नुसती कौले परतायची आहेत. दुसऱ्याच्या भिंतीतही ओल गेली आहे, तिथे इंजिनियर नेऊन दाखवावे लागेल. मेच्या आधी अर्ज पंचायतीत गेले पाहिजेत. अंकलचे गुडघे आता चढावर साथ देत नाहीत, त्यामुळे वरच्या वाड्यावरच्या भेटींसाठी मला जोडीदार हवा आहे. मराठी बोलणारा असला तरी चालेल. कोकणी चार भेटींत येते. सभा दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, पहिल्या मिस्सानंतर, चर्चच्या मागच्या पडवीत असते.